डोळ्याच्या पडद्याची हट्टी सूज : एक औषध की दोन?



आपल्या सदराकडे एरवी पत्रे येतात ती बोंडअळीची, हुमणीची, नाही तर उसाला खताचा हप्ता कधी द्यावा याची. या खेपेला एका भगिनीचे पत्र वेगळ्याच विषयावर आले आहे. त्या लिहितात :

“माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. गेल्या वर्षी नजर अंधूक झाली. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, असे तपासणीत निघाले. जिल्ह्याच्या गावी डोळ्यात इंजेक्शन सुरू केले. दर महिन्याला या, असे सांगितले होते; पण सोयाबीनच्या मळणीत दोन तारखा गेल्या, हरभऱ्याच्या काढणीत दोन गेल्या. आठ महिन्यांत चार इंजेक्शने झाली. सूज थोडी उतरली, पण जात नाही. आता जोडीला दुसऱ्या जातीचे औषधही डोळ्यात सोडता येईल, विचार करून सांगा, असे डॉक्टर म्हणाले. घरात दोन म्हशी आहेत. एक विकली तर खर्च निघेल. सगळ्यांचे म्हणणे, दोन औषधांनी दुप्पट गुण येईल. आपण काय सांगता?”

मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर आहे. कोणत्या डोळ्यात कोणते औषध घालायचे, हे डोळ्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण म्हैस विकायची की नाही, हे घराने ठरवायचे असते आणि त्यासाठी घराला माहिती हवी. शिवाय ‘दोन औषधे एकत्र म्हणजे दुप्पट गुण’ हा हिशेब मला नवा नाही. एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक आणि वर टॉनिक ओतताना हाच हिशेब मी बांधाबांधावर ऐकतो. डोळ्याच्या बाबतीत हा हिशेब शास्त्रज्ञांनी नीट प्रयोग करून तपासला आहे, आणि प्रयोग आपण प्लॉट पाडून करतो त्याच रीतीचा आहे. म्हणून हा विषय घेतो.

पडद्यात पाणी का साचते

प्रथम एक गैरसमज दूर करू. ही सूज बाहेरून दिसत नाही. पापणी फुगत नाही, डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पातळ पडदा असतो. समोरच्या वस्तूचे चित्र त्याच्यावर उमटते. त्या पडद्याच्या मध्यावर एक लहानसा पिवळसर भाग आहे. त्याला पीतबिंदू म्हणतात. सुईत दोरा ओवणे, सात-बारा वाचणे, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही बारीक नजरेची सगळी कामे त्या भागावर चालतात. तो तिथे एक चतुर्थांश मिलिमीटर इतकाच जाड असतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. काही वाहिन्या बंद पडतात. जिथे रक्त पोचत नाही तिथला पडदा गुदमरतो आणि नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून एक रस सोडतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘व्हीईजीएफ’. १९८९ मध्ये अमेरिकेत नेपोलिओन फेरारा या शास्त्रज्ञाने तो वेगळा करून ओळखला. हा रस वाढला, की आधीच कच्च्या झालेल्या भिंती आणखी झिरपू लागतात. रक्तातले पाणी आणि चरबी पीतबिंदूत उतरते. पडदा भिजतो, फुगतो. ही ती सूज.

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना हे लगेच उमजेल. चिबड जमीन म्हणजे काय, हे त्यांनी पाहिले आहे. पाणी झिरपत राहते, निचरा होत नाही, मुळे गुदमरतात आणि काही वर्षांनी वर पांढरे क्षार फुलतात. डोळ्याच्या पडद्यावरही असेच पिवळट चरबीचे कण साठलेले डॉक्टरांना दिसतात. आणि चिबड जमिनीचा दुसरा धडाही इथे लागू पडतो : चर खणून पाणी काढले, म्हणजे त्याच हंगामात पूर्वीचे पीक येते असे नाही. जमीन किती वर्षे पाण्यात होती, यावर ते ठरते. डोळ्याचेही तसेच. हा धडा ध्यानात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दोन जातींची औषधे

पूर्वी या सुजेवर लेसरचा उपाय होता. झिरपणाऱ्या जागा लेसरच्या किरणाने डागायच्या. नजर आणखी बिघडण्याचा धोका त्याने निम्म्यावर येतो, असे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत सिद्ध झाले. पण गेलेली नजर परत मिळणे त्याने फारसे साधत नसे. २०१० च्या सुमारास चित्र बदलले. ‘व्हीईजीएफ’ रसाला अडवणारे औषध थेट डोळ्यात सोडले, तर नजर सुधारूही शकते, असे दिसून आले.

या पहिल्या जातीची तीन औषधे सर्वात जास्त वापरात आहेत : बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट. डोळा थेंबांनी बधिर करतात, जंतुनाशकाने धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून बारीक सुईने औषध आत सोडतात. औषध किती? एका मिलिलिटरचा विसावा भाग. ऐकून अंगावर काटा येतो, पण काम मिनिटभराचे आहे. औषधाचा जोर साधारण महिनाभर टिकतो. म्हणून सुरुवातीला दर महिन्याची तारीख देतात.

दुसरी जात स्टिरॉइडची. पत्रात म्हटलेले ‘दुसऱ्या जातीचे औषध’ बहुधा हेच असावे. स्टिरॉइड केवळ त्या एका रसाला अडवत नाही. दाह वाढवणाऱ्या आणखीही पदार्थांना आवर घालते. यात डेक्सामेथासोनची बारीक कांडी मिळते. ०.७ मिलिग्रॅम औषधाची ही कांडी सुईतून डोळ्यात सोडतात. ती हळूहळू विरघळते आणि काही महिने औषध पुरवत राहते. अमेरिकेत मधुमेहाच्या सुजेसाठी तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणजे पहिले औषध एक वाट अडवते, दुसरे अनेक वाटा अडवते. मग दोन्ही मिळून दिली तर सूज हटलीच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. डॉक्टरांनाही तसेच वाटत होते. म्हणून त्यांनी प्रयोग लावला.

प्रयोग कसा केला

अमेरिकेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचे एक मोठे जाळे आहे. मधुमेहाने होणाऱ्या डोळ्यांच्या विकारांवर ते मिळून प्रयोग करते. त्यांनी या प्रश्नावर ४० ठिकाणी प्रयोग केला आणि निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध केला.

आपल्याकडे नवे खत तपासायचे झाले, तर आपण काय करतो? शेजारी तुलनेचा प्लॉट ठेवतो. जमीन सारखी, बियाणे सारखे, पाणी सारखे. फरक फक्त त्या खताचा. आणि चांगला वाफा नव्या खताला द्यायचा मोह होऊ नये, म्हणून चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवतो. इथेही तेच केले. ज्यांना पहिल्या जातीची किमान तीन इंजेक्शने होऊनही सूज राहिली होती, असे रुग्ण घेतले. पण लगेच दोन गट पाडले नाहीत. आधी सर्वांना रॅनिबिझुमॅबची आणखी तीन इंजेक्शने, वेळच्या वेळी, बारा आठवड्यांत दिली. इथवर २३६ डोळे होते. त्यानंतर मुख्य प्रयोगात उरले १२९. गळालेल्यांत काही डोळे असे होते, की त्या तीन इंजेक्शनांतच त्यांची सूज उतरली किंवा नजर सुधारली. ‘हट्टी’ म्हणून आणलेली सूज नियमाने औषध मिळताच हट्ट सोडून बसली!

उरलेल्या १२९ डोळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एका गटाला रॅनिबिझुमॅब आणि जोडीला स्टिरॉइडची कांडी. दुसऱ्या गटाला रॅनिबिझुमॅब आणि जोडीला नुसता आव. म्हणजे सुई नसलेली नळी डोळ्याला टेकवायची. तुलनेच्या प्लॉटवर आपण साधे पाणी फवारतो, तसे. २४ आठवडे हे चालले.

पीक पानांवरून मोजू नये

निकाल दोन मापांनी घेतला. पहिले माप सुजेचे. ते ओसीटी नावाच्या यंत्राने घेतात. पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. दोन औषधांच्या गटात जाडी सरासरी ११० मायक्रॉनने उतरली. एका औषधाच्या गटात ६२ मायक्रॉनने. दोन औषधांची सरशी उघड दिसते. दवाखान्यात हे चित्र दाखवले, तर म्हैस विकायला कोणीही तयार होईल.

पण दुसरे माप नजरेचे. भिंतीवरच्या तक्त्यावर रुग्णाला किती अक्षरे जास्त वाचता आली? दोन औषधांच्या गटात सरासरी २.७ अक्षरे वाढली. एका औषधाच्या गटात ३ अक्षरे वाढली. म्हणजे फरक नाही म्हटला तरी चालेल. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरे असतात. दोन्ही गटांची सुधारणा एका ओळीएवढीही भरत नाही.

युरियाचा हप्ता जास्त झालेली कपाशी आठवा. झाड माणसाच्या खांद्याला लागते, पाने गडद हिरवी होतात, रस्त्याने जाणारा थांबून बघतो. आणि बोंडे? मोजायला गेले तर शेजाऱ्याइतकीच, कधी त्याहून कमी. पीक वजनकाट्यावर मोजायचे असते, पानांवरून नव्हे. डोळ्याचे पीक म्हणजे नजर. यंत्रावरची जाडी ही पाने झाली.

सूज जास्त उतरूनही नजर तितकी का वाढली नाही? चिबड जमिनीचा धडा इथे उपयोगी पडतो. पडदा फार काळ भिजत राहिला, तर त्यातल्या नाजूक पेशींची हानी होते. मागाहून पाणी काढले तरी मेलेली मुळे हिरवी होत नाहीत. म्हणून उशिरा दोन औषधे घालण्यापेक्षा वेळेवर एक औषध पुरे घालणे हे केव्हाही मोलाचे.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. दोन औषधांच्या गटात शंभरात २९ डोळ्यांचा आतला दाब वाढला किंवा दाबाचे थेंब सुरू करावे लागले. एका औषधाच्या गटात असा एकही डोळा नव्हता. हा दाब वाढत गेला आणि लक्ष दिले नाही, तर काचबिंदू होतो. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. शिवाय स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर पिकतो. म्हणजे दुसरे औषध घेतले, की त्याच्याबरोबर दाबाची तपासणी, कदाचित थेंब, कदाचित मोतीबिंदूचे ऑपरेशन हाही खर्च दाराशी येतो. म्हशीच्या किमतीत तो धरायला हवा.

मग हट्टी कोणाला म्हणायचे?

सूज लवकर जात नाही म्हणून घाबरून जाऊ नये. अमेरिकेतल्या याच डॉक्टरांनी ६६० रुग्णांवर पहिल्या जातीच्या तिन्ही औषधांची तुलना केली. तिचा पहिला निकाल २०१५ मध्ये आला. त्याच प्रयोगाचे आकडे पुढे २०१८ मध्ये पुन्हा तपासले. तेव्हा दिसले, की सहा महिने नियमाने औषध देऊनही अफ्लिबरसेप्टवर शंभरात सुमारे ३२, रॅनिबिझुमॅबवर ४२ आणि बेव्हॅसिझुमॅबवर ६६ डोळ्यांत थोडीफार सूज शिल्लक होती. आणि हे डोळे डॉक्टरांच्या नजरेखाली, तारीख न चुकवता औषध घेणारे होते. औषध पुढे चालू ठेवल्यावर यातल्या बऱ्याच डोळ्यांची सूज नंतर उतरली. तेव्हा सहा महिन्यांनी सूज दिसणे ही नित्याची गोष्ट आहे. औषध वाया गेले, असा तिचा अर्थ नाही.

आता आपल्या पत्राकडे पाहू. आठ महिन्यांत चार इंजेक्शने. मध्ये चार तारखा गेल्या. हुमणीला आळवणी सांगितली असता निम्म्या सऱ्या सोडून दिल्या, तर औषधाला दोष देता येत नाही. आधीच्या प्रयोगात ज्या डोळ्यांना हट्टी म्हटले, त्यांना तोवर किमान सहा इंजेक्शने झाली होती आणि शेवटची तीन तर ओळीने झाली होती. या सासऱ्यांचा डोळा हट्टी आहे की नाही, हे अजून ठरायचेच आहे. पहिले औषध त्याला पुरते मिळालेलेच नाही.

म्हणून ताई, माझे सांगणे असे. म्हशीच्या दावणीला आज हात लावू नका. डॉक्टरांना सर्व तारखा दाखवा, मध्ये किती दिवस गेले ते स्पष्ट सांगा आणि विचारा : “पहिलेच औषध आता ओळीने, न चुकवता दिले तर चालेल का? किती इंजेक्शनांनंतर आपण पुन्हा ठरवू?” डॉक्टरांकडे दुसरे काही कारण असेल, तर ते सांगतील. ते कारण काय असू शकते, तेही पाहून ठेवू.

दुसऱ्या औषधाचीही जागा आहे

स्टिरॉइड वाईट, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. काही डोळ्यांना ते खरोखर उपयोगी पडते. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आधीच झाले आहे आणि डोळ्यात भिंग बसवले आहे, त्यांना मोतीबिंदू पिकण्याची भीती उरत नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा लकवा येऊन गेला, त्यांच्या बाबतीत पहिल्या जातीचे औषध देताना डॉक्टर जपून वागतात. पहिले औषध पुरते देऊनही सूज आणि अंधूकपणा कायम राहिला, तर स्टिरॉइडकडे वळणे हे रास्तच. आणि काहींना दर महिन्याला शहरात जाणे खरोखरच जमत नाही. कांडीचा जोर काही महिने टिकतो, त्यामुळे खेपा कमी होतात. पण हे जोडीला देणे झाले, की पहिल्याऐवजी देणे झाले, ते विचारून घ्यावे. दोन्हींत पैशांचा मोठा फरक आहे. आणि ज्यांच्या डोळ्याचा दाब आधीच जास्त आहे किंवा घराण्यात काचबिंदू आहे, त्यांनी ते आपणहून आधी सांगावे.

‘दोन गुण एकत्र’ या कल्पनेला आणखी एक वाट फुटली आहे. फॅरिसिमॅब नावाचे नवे औषध ‘व्हीईजीएफ’बरोबर वाहिन्या कच्च्या करणाऱ्या आणखी एका रसाला अडवते. दोन कामे, पण औषध एक आणि सुईही एक. अमेरिकेत त्याला जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अफ्लिबरसेप्ट आठ आठवड्यांच्या अंतराने देतात, त्याच्याशी याची तुलना केली. वर्षअखेर नजर दोघांची सारखीच राहिली. फायदा दिसला तो अंतराचा. अनेक रुग्णांना दोन सुयांमध्ये जास्त काळ मिळाला. इथेही मापाचा काटा तोच आला : नजर.

स्वस्त औषधाने भागते का?

हा प्रश्न विचारायला कोणी लाजू नये. पहिल्या जातीतल्या तीन औषधांत बेव्हॅसिझुमॅब बरेच स्वस्त आहे. ते मुळात कर्करोगासाठी निघाले. मोठ्या बाटलीतून निर्जंतुक रीतीने लहान मात्रा काढून ते डोळ्यासाठी वापरतात. म्हणून ते कुठे आणि किती स्वच्छतेने भरले आहे, याला फार महत्त्व आहे. रॅनिबिझुमॅबच्या जोडीचे, आपल्या देशात तयार झालेले औषध २०१५ पासून मिळते.

२०१५ च्या त्या तुलनेत असे दिसले : सुरुवातीची नजर बरी असेल, म्हणजे कागदावर ६/१२ किंवा त्याहून चांगली, तर वर्षअखेर तिन्ही औषधांचा गुण जवळजवळ सारखा, आठ अक्षरांच्या आसपास. नजर ६/१५ किंवा त्याहून कमी असेल, तर अफ्लिबरसेप्ट पुढे गेले : त्याने सुमारे १९ अक्षरे वाढली, रॅनिबिझुमॅबने १४, बेव्हॅसिझुमॅबने १२.

मग नजर कमी असेल तर महाग औषधच घ्यावे का? त्यावर २०२२ मध्ये आणखी एक निकाल आला. कमी नजरेच्या ३१२ डोळ्यांपैकी अर्ध्यांना सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट दिले. उरलेल्यांना बेव्हॅसिझुमॅबने सुरुवात केली आणि ठरलेल्या वेळी पुरेसा गुण दिसला नाही, तरच अफ्लिबरसेप्टकडे वळवले. दोन वर्षांत शंभरात ७० डोळ्यांना असे वळवावे लागले. तरीही दोन वर्षांनी नजरेत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. म्हणजे स्वस्तापासून सुरुवात करणे हा अडाणीपणा नाही, मात्र वेळेवर मोजमाप करून गरज पडली तर बदलले पाहिजे. पत्रातल्या सासऱ्यांना तारखा पुऱ्या करूनही गुण आला नाही, तर स्टिरॉइडची जोड देण्याआधी पहिल्याच जातीतले दुसरे औषध बदलून पाहायचे का, हाही प्रश्न डॉक्टरांना विचारता येईल.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डोळ्यांचा विभाग असतो. तिथे चौकशी जरूर करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार योजनेत बसतो की नाही, हे पैसे भरण्याआधी त्याला विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

पाण्याचा उगम बंद करा

चर कितीही खणा, वरचा पाट फुटलेलाच असेल तर जमीन कोरडी होत नाही. साखर आणि रक्तदाब हे दोन पाट आहेत. दोन्ही ताब्यात ठेवल्याने डोळ्यांचे विकार कमी होतात, हे इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत १९९८ मध्ये सिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी करून घ्या. ती बहुतेकांना ७ च्या आसपास हवी. वयस्करांसाठी किती, ते डॉक्टर सांगतील. मूत्रपिंडाची तपासणीही हवी, कारण अंगात पाणी साठू लागले की पडद्यातही वाढते. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी चालू असेल, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा; तिने अंगात पाणी धरते आणि पडद्याची सूज वाढू शकते. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

घरातल्या माणसांसाठी

मधुमेह आता शहराचा रोग राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा आजार आहे. त्यात आपल्या गावांचाही वाटा आहे. म्हणून पुढच्या गोष्टी कापून दाराच्या मागे लावून ठेवा.

१. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा थेंब घालून पडद्याची तपासणी करावी. नजर चांगली असली तरीही करावी. सूज दुखत नाही, त्यामुळे ती आपण होऊन सांगत नाही.

२. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा, मग दुसरा झाकून पाहा. गज वाकडे दिसले, मध्ये डाग दिसला किंवा दिनदर्शिकेवरची तारीख एकाच डोळ्याने वाचता येईना, तर वर्ष भरण्याची वाट पाहू नका.

३. इंजेक्शनच्या तारखा पेरणीच्या तारखांसारख्या धरा. मळणी, लग्नसराई, यात्रा आधीच डॉक्टरांना सांगून तारीख मागेपुढे करून घ्या. ती सोडू नका. म्हातारा माणूस ‘राहू दे यंदा’ म्हणतो ते बहुतेक वेळा पोरांचे काम बुडेल म्हणून. त्याचे ऐकू नका.

४. इंजेक्शननंतर काही दिवस डोळ्यात पाणी, भुसा, गोठ्यातली धूळ जाऊ देऊ नका. डोळा चोळू नका. पांढऱ्या भागावर लहान लाल डाग दिसला तर तो आपोआप जातो. पण डोळा ठणकू लागला, लाली वाढली, उजेड सोसेना किंवा नजर एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आत जंतू शिरल्याची ती खूण असू शकते. असे क्वचितच होते, पण झाले तर तासांचा हिशेब असतो.

५. मध, कांद्याचा रस, एरंडेल, कोणाचे झाडपाल्याचे थेंब डोळ्यात घालू नका. सूज डोळ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. वरून घातलेले तिथे पोचत नाही, वरचा डोळा मात्र बिघडतो.

६. प्रत्येक खेपेला दोन आकडे वहीत लिहून घ्या : नजर किती आणि ओसीटीवर जाडी किती. खताचा हिशेब ठेवता, तसाच हा ठेवा. डॉक्टर बदलावे लागले, तर ही वही हातात असू द्या.

७. नवे औषध सुचवले, तर तीन प्रश्न विचारा. याने नजर किती सुधारेल असे वाटते? याने दुसरे काय बिघडू शकते? आणि आधीचे औषध पुरते झाले आहे का?

एवढे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पुढील अंकी : हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर आणि बाभळीवर केव्हा उतरतात आणि गावाने मिळून ते कसे गोळा करावेत.